पाती

१ जून, रविवार

या पानावर आधीच एक शब्द लिहिलेला आहे. ‘पाती’. अक्षर तिचं.

डायरी रंगाच्या दुकानाची. दर जानेवारीत ते मला एक देतात, मी घरी आणून टेबलावर टाकतो, आणि पुढे वर्षभर ती हिची होते. ही एक दिवस चष्मा लावून बसायची आणि पुढची कामं त्या त्या तारखेवर टाकून ठेवायची. एकेक शब्दात. ‘टाकी’, ‘गाद्या’, ‘पंखे’. ११ मार्चपर्यंत रोजच्याही दोन-चार ओळी आहेत. त्यानंतर कोरी पानं आणि मधूनमधून हे सुटे शब्द.

मुलगी दर रविवारी येते तशी आज आली. म्हणाली, “बाबा, बोलत नाही तर निदान लिहा. रोज काय केलं तेवढं तरी. मन मोकळं होतं.” मोकळं व्हायला ते आधी भरलेलं असावं लागतं. माझ्या मनात डोकावलं तर तळाशी काही लागत नाही. पण तिला नाही म्हणायचा कंटाळा आला, म्हणून लिहितो आहे.

‘पाती’ म्हणजे काय ते मला कळलेलं नाही. एप्रिल आणि मेच्या एक तारखेलाही हेच आहे.

५ जून, गुरुवार

रोज काय केलं ते लिहा म्हणाली. आज एका ट्रकची केबिन मारली. निळी. दोन हात रंग, वर दोन हात क्लिअर, म्हणजे चकाकीचा बिनरंगी थर. हा दोन डब्यांचा रंग असतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. मिसळले की घड्याळ सुरू. वेळेत संपवला नाही तर डब्यातच दगड होतो.

पंचवीस वर्षं माझ्या हातात रंगाची गन आहे. मी रंगवलेल्या पत्र्यात बघून ड्रायव्हर लोक भांग पाडतात. यात बढाई नाही, पाहिलं आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर छातीवर कुणी ठाण मांडून बसल्यासारखं झालं. जिन्यात दोनदा थांबलो. एप्रिलपासून हे चालू आहे.

दाढी गळ्यापर्यंत आली आहे. मार्च संपता संपता ब्लेड संपली. आरशामागच्या फळीवर हात घातला तर काही लागलं नाही. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं, त्या फळीवर ब्लेड असायचीच. नवीन आणायला हवी हे कळलं, पण उठून जाणं झालं नाही. मग दाढी वाढली, आणि एकदा वाढल्यावर तिच्यासाठी काही करावं लागेना.

वर्कशॉपमध्ये कुणी एका शब्दाने काही म्हणालेलं नाही. पेपरसुद्धा नाही. पेपर म्हणजे आमचा घासकाम करणारा. दिवसभर पॉलिशपेपर घासतो आणि सकाळी सगळ्या जगाच्या बातम्या त्याच्याकडे असतात, म्हणून पेपर. एरवी माझ्या शर्टाचं बटण तुटलं तरी तो चार दिवस चघळतो.

११ जून, बुधवार

तीन महिने झाले.

मालक सकाळी टेबलापाशी येऊन उभे राहिले. “आज सुट्टी घ्यायचीत,” म्हणाले. मी म्हटलं, घरी बसून काय करू. ते म्हणाले, “तेही खरंच.” मग जरा वेळ दोघांनी गाडीकडे बघितलं.

बोनेट आणि दोन दारं मारली. संध्याकाळी छाती इतकी आवळली की कॉटच्या काठावर बसून गुडघ्यांवर हात टेकावे लागले. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. शेजारच्या मावशी डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “आत कोंडून ठेवलंय तुम्ही. एकदा पोटभर रडा. माझे हे गेले तेव्हा मलाही असंच व्हायचं.”

सगळे हेच म्हणतात आणि मला पटतं. मी रडलेलो नाही. मार्चमध्येही नाही, सगळे आजूबाजूला रडत असताना मी कोपऱ्यातली खुर्ची कुणाला हवी आहे का बघत होतो. जेवणाला चव नाही, झोपेला नाही. माणूस गेल्यावर आत काहीतरी व्हायला हवं, तर माझ्यात एवढंच होतं. संध्याकाळी ती येते आणि छातीवर बसते. मी तिला उठ म्हणत नाही.

१५ जून, रविवार

आजच्या पानावर ‘गाद्या’. तिने लिहिलं आहे म्हटल्यावर करायला हवं. तिन्ही गाद्या एकेक करून खांद्यावर घेतल्या आणि गच्चीवर नेल्या. तीन मजले, तीन खेपा, आणि संध्याकाळी पुन्हा खाली. मुलगी म्हणाली, मला हाक मारायची ना. म्हटलं, त्यात काय आहे.

बूथचा, म्हणजे फवारा मारायच्या बंद खोलीचा, पंखा दुरुस्तीला उघडला आहे, त्यामुळे शुक्रवारपासून वर्कशॉप बंद. तीन दिवसांत छातीला काही झालं नाही. एकदाही नाही. बसून विचार केला तर तिची आठवणही कमी आली. इतक्यात कमी व्हायला लागली का? याची मला लाज वाटली.

१६ जून, सोमवार

पंखा सुरू झाला. एक टेम्पो मारला. संध्याकाळी सातला पुन्हा छाती आवळली. बरं वाटलं.

६ जुलै, रविवार

१ जुलैच्या पानावर पुन्हा ‘पाती’. मुलीला दाखवलं. तिने डोकं खाजवलं. म्हणाली, “मिक्सरची असतील. आई म्हणायची, धार गेलीये म्हणून.” मग दोघं मिक्सरचं भांडं घेऊन धारवाल्याकडे गेलो. त्याने पात्यांना धार लावून दिली. घरी आल्यावर दळायला काही नव्हतं. मुलीने नुसताच रिकामा मिक्सर फिरवून बघितला आणि बंद केला.

मग ती म्हणाली, “पण बाबा, दर महिन्याला कोण धार लावतं?”

तेही खरंच. पण एक काम झालं.

८ जुलै, मंगळवार

मास्कवाला आला होता. हातात पेटी आणि अंगात घाई. मोठं काम येतं आहे, दहा बस, पांढऱ्या. बसवाल्या कंपनीची अट आहे की रंगवणाऱ्यांच्या मास्कची तपासणी झालेली हवी.

आम्हाला ओळीत उभं करून त्याने भाषण दिलं. “तुम्हाला येतो तो वास थिनरचा. हार्डनर नाकाला कळत नाही. त्यामुळे वास आला नाही म्हणजे आत काही गेलं नाही, असं समजू नका. डब्यासुद्धा वास यायची वाट बघून बदलायच्या नाहीत, दिवस ठरवून बदलायच्या.” डब्या म्हणजे मास्कच्या दोन बाजूंना असतात त्या, कोळशाच्या.

मी म्हटलं, माझ्या नाकाला कळतं. पंचवीस वर्षं मी डब्या वासावरच बदलतो आहे. तो हसला. माझ्या नाकाला आजवर ही सोडून कुणी हसलं नव्हतं.

मग तपासणी. मास्क घालायचा, वरून डोक्यावर एक पारदर्शक टोपडं, आणि टोपड्याच्या भोकातून तो गोड पाण्याचा फवारा सोडणार. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा, मान इकडे तिकडे करायची, मोठ्याने आकडे म्हणायचे. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतो. पेपर टोपडं घालून एक ते शंभर म्हणाला, मध्ये अडुसष्ट खाल्ला.

माझ्यापाशी आल्यावर मास्कवाला थांबला. “दाढी आहे,” म्हणाला. “दाढीवर मास्क बसत नाही. खरं तर तपासणी घ्यायचीच नसते.”

मालकांनी त्याचा कोपर धरून त्याला बाजूला नेलं. हळू बोलले, पण मला ऐकू आलं. “घरी झालंय हो त्यांच्या. चार महिनेसुद्धा झाले नाहीत. दाढीचं कसं बोलायचं त्यांना? चालवून घ्या एवढं.” मास्कवाल्याने घड्याळ बघितलं.

फवारा आला आणि गोड लागलं. चांगलं गोड. मार्चपासून जिभेवर काही ठेवलं तरी कागद चावल्यासारखं व्हायचं. आज पहिल्यांदा काही लागलं. तो म्हणाला, “लागतंय का काही?” मी मान हलवून नाही म्हटलं.

का म्हटलं, ते विचार करूनही सापडलेलं नाही. हो म्हटलं असतं तर दाढीचा विषय निघाला असता, मालक अवघडले असते, मास्कवाल्याला उशीर झाला असता. शिवाय ते गोड जरा वेळ माझ्यापाशीच राहावं असं वाटलं.

मी पास झालो. कागदावर सही केली.

१९ जुलै, शनिवार

चार बस झाल्या. एका बसला क्लिअरचे दोन हात म्हणजे तीन-साडेतीन तास बूथमध्ये. छताचा हात मारताना फवारा सगळा वरून अंगावर येतो, बाहेर आलो की भुवया पांढऱ्या. पेपर म्हणतो, “म्हातारपणी कसा दिसशील ते आत्ताच कळलं.” दाढीबद्दल तरीही अवाक्षर नाही. दाढीही पांढरीच असणार.

खोकला लागला आहे. पहाटे उठवतो. तिची उशी पाठीशी घेऊन बसून राहतो, मग जरा हवा लागते. मुलगी फोनवर म्हणाली, डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, याला औषध नसतं. तिकडे तिच्या रडण्याचा आवाज आला. मला तिचं रडणं चांगलं वाटतं. सरळ येतं, कुठे अडत नाही. तिच्या आईसारखं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

‘पाती’.

सातवी बस उद्या.

४ ऑगस्ट, सोमवार

शनिवारचं आज लिहितो आहे.

सातव्या बसचं क्लिअर. डावी बाजू झाली, मागची झाली, उजव्या बाजूच्या निम्म्यात होतो. श्वास आत जाईना. म्हणजे जात होता, पण नळाला पाणी नसताना नुसती हवा फुसफुसते तसा. मी हात चालू ठेवला. क्लिअर अर्ध्यात सोडता येत नाही. सोडलं की तिथे कड बसते, आणि ती कड घासून पुन्हा सगळी बाजू मारावी लागते. पंचवीस वर्षांत मी एकदाही अर्ध्यात सोडलेलं नाही.

पेपर बाहेरून बूथची काच वाजवत होता. मी पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं. या काचेवर तो याआधी एकदा असाच वाजवत होता, आणि तेव्हाही मी पाच बोटं दाखवली होती. त्याबद्दल मला आज लिहायचं नाही.

या वेळी त्याने दार उघडलं. चालू बूथचं दार उघडायचं नसतं, धूळ आत येते. मी त्याला ओरडायला तोंड उघडलं आणि खाली बसलो. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. पेपर काखेत हात घालून मला ओढत होता आणि मी गन बसला लागू नये म्हणून वर धरली होती.

दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आज सोडलं. छातीच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयाने मुलीएवढ्याच. त्यांनी विचारलं, त्रास कधी होतो, कधी होत नाही. मी म्हटलं, सांगता येणार नाही, हे मनाचं आहे, घरी झालंय. मुलगी मध्येच म्हणाली, “बाबा रोज लिहितात. डायरी आहे माझ्याकडे.” माझ्या उशाजवळून तिने ती उचलून आणली होती. मी म्हटलं, दुसऱ्याने वाचायची नाही. मग मीच चाळून तारखा सांगत गेलो आणि त्या कागदावर मांडत गेल्या.

“पंधरा जूनला काय केलंत?”

“तीन गाद्या गच्चीवर नेल्या.”

“दम लागला?”

“नाही.”

“त्याआधी दोन दिवस?”

“वर्कशॉप बंद होतं.”

“आणि सोळाला?”

मी पान बघितलं. मी म्हटलं, “सोळाला टेम्पो होता.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “काका, हे दुःख नाहीये. हा हार्डनर आहे. दाढीमुळे मास्क चेहऱ्याला चिकटत नव्हता, चार महिने तो तुमच्या छातीत जातोय. आता तुमच्या अंगाला तो सोसेनासा झालाय. एकदा असं झालं की मग थोडासाही चालत नाही, मास्क कितीही भारी असो. गन सोडावी लागेल. पुढच्या वेळी उचलून आणायलाही उशीर होईल.”

मुलगी माझा हात दाबत होती. तिला वाटलं, मला गन सोडायचा धक्का बसला. गनचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

चार महिने मी समजत होतो की माझ्यातही काहीतरी होतं आहे. मला रडता येत नाही, पण निदान छाती दुखते. लोक विचारायचे तेव्हा दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. आता तेही थिनरच्या कपाटात ठेवलेल्या डब्याचं निघालं. म्हणजे तिच्यासाठी मला काहीच झालेलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी फुंकायची एक नळी दिली आहे. जोरात फुंकली की काटा सरकतो, श्वास जितका मोकळा तितका आकडा मोठा. सकाळ-संध्याकाळ फुंकून लिहायचं. चार रकाने आखायला सांगितले आहेत. सकाळ. संध्याकाळ. काय काम केलं. त्रास झाल्यास कशामुळे.

सकाळ ३१०. संध्याकाळ ३२०. काम नाही. त्रास बेताचा, जुनाच.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळ ३७०. संध्याकाळ ३८०. काम: रस्त्यापलीकडचं गोदाम.

मालकांनी मला तिकडे बसवलं आहे. सुटे भाग काढून द्यायचे. म्हणाले, “तुम्ही आहात तोवर हे गोदाम तुमचं.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना पाणी दिलं. गन चालवायला बाहेरचा एक रंगारी आणला आहे, आणि त्याला नळीचं टोपडं मागवलं आहे. ते डोक्यावरून घालतात आणि बाहेरची स्वच्छ हवा नळीने आत येते. दाढी असली तरी चालतं.

पाच महिने झाले आज. छातीला काही नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

४३०. ४४०. गोदाम. त्रास नाही.

संध्याकाळी सातला कॉटच्या काठावर जाऊन बसलो. सवयीने. साडेसातपर्यंत बसलो. कुणी आलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळ ४५०. संध्याकाळ २५०.

खरं काय ते लिहितो. दुपारी नवा रंगारी दहाव्या बसचं क्लिअर मारून बाहेर आला, टोपडं काढून पाणी प्यायला गेला. बूथमध्ये फवारा अजून तरंगत होता, दिव्याखाली दिसतो तो. मी रस्ता ओलांडून आलो, दार उघडलं आणि आत जाऊन उभा राहिलो. तोंडावर काही नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायचं होतं की हात कसा बसलाय बघायला आलो. उजव्या बाजूला त्याने दोन ठिकाणी ओघळ सोडला आहे.

मला ते छातीवरचं परत हवं होतं. खोटं असलं तरी चालणार होतं.

आलं. मिनिटाभरात आलं. आणि आल्यावर कळलं की त्यात ती नाही. नुसता श्वास बंद होत होता, दुसरं काही नाही. तेवढ्यात पेपरने मागून कॉलर धरली आणि मला बाहेर अंगणात आणून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला औषधाचा फवारा माझ्या खिशात असतो, तो त्यानेच माझ्या तोंडात कोंबला.

मला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याला बोलता आलं. “मरायचं असेल तर तसं सांग,” म्हणाला. “मार्चमध्ये तुझ्या घरून फोन आला, मी काच वाजवली, तू पाच बोटं दाखवलीस. मी थांबलो. दार उघडायला पाहिजे होतं मी. तुझं क्लिअर खराब होईल म्हणून थांबलो, गाढवासारखा. मग ही दाढी. मला पहिल्या दिवशी दिसलं, मास्कच्या कडेने तुझे केस बाहेर. म्हटलं, राहू दे, दुखात आहे माणूस. सगळे असेच राहू दे, राहू दे करत बसलो. आता नाही. आता तू त्या दाराजवळ दिसलास तर तंगडं मोडीन तुझं.”

मग तो तिथेच खाली बसला आणि रडला. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांचीही धाप चालू होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळ २९०. संध्याकाळ ३१०.

पेपर बोलला म्हणून आता लिहायला हरकत नाही. ११ मार्चला ही ओट्यापाशी पडली. मावशींनी फोन केला, पेपरने काच वाजवली. मी एका व्हॅनच्या बाजूला अर्ध्यात होतो. पाच बोटं दाखवली. पाचाऐवजी अकरा मिनिटं लागली. हॉस्पिटलमध्ये मी पोचलो तेव्हा ती गेली होती. मी कडेला उभा होतो, भुवया पांढऱ्या.

डॉक्टर म्हणाले होते, लगेच आला असता तरी काही फरक पडला नसता. ते मला तेव्हाही ऐकू आलं होतं. व्हॅनवर कड आली नव्हती. एकसारखं बसलं होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

४७०. ४८०. सुट्टी. त्रास नाही.

डॉक्टरीणबाई शुक्रवारी म्हणाल्या, छान चाललंय, पण मिशा नळीच्या तोंडात येतात, त्याने आकडा चुकू शकतो. कापून टाका. मुलीने आज कात्री आणली होती. मी म्हटलं, कात्रीने नको, उद्या ब्लेड आणून सगळीच काढतो. तिने माझ्याकडे बघितलं. “नक्की?” मी म्हटलं, दाढीच आहे. ती हसली, पुष्कळ दिवसांनी.

छाती मोकळी आहे. घरही.

१ सप्टेंबर, सोमवार

गोदामातून येताना कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. इतकी वर्षं या रस्त्याने जातो-येतो, पण आत कधी गेलो नव्हतो. तिथून लागेल ते सगळं हीच आणायची.

दुकानदार म्हातारा आहे. मी म्हटलं, दाढीची ब्लेड द्या. त्याने वापरून टाकायचं प्लास्टिकचं रेझर पुढे केलं. मी म्हटलं, हे नाही, ती जुनी, दोन्ही बाजूंनी धार असते ती.

“पाती?” तो म्हणाला.

मी म्हटलं, काय?

“दाढीची पाती हो. आता ती कोण नेतं? एका वहिनींसाठी फक्त मागवायचो. दर एक तारखेला यायच्या, बरोबर एक तारखेला. पिशवी काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, पाती द्या. आमच्या ह्यांचा गाल फार नाजूक, म्हणायच्या, दुसरं चालत नाही.” तो वाकून खालच्या खणात शोधत होता. “मार्चनंतर आल्याच नाहीत. एप्रिल आणि मेची दोन पाकिटं तशीच ठेवलीत बघा त्यांच्यासाठी. घर बदललं असेल.”

त्याने दोन्ही पाकिटं काउंटरवर ठेवली. वरची धूळ हाताने पुसली. मग एक परत मागे घेतलं. “एक घेऊन जा तुम्ही. एक राहू दे. आल्या तर हात हलवत पाठवायला नको. याच भागातले ना तुम्ही? भेटल्या कुठे तर सांगा त्यांना, पाती ठेवलीयत म्हणून.”

मी म्हटलं, सांगतो.

घरी आलो. चप्पल काढली. आरशामागच्या फळीवर पाकीट ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, “ऐकलंस का, तुझी पाती ठेवलीयत म्हणे.”

तिथेच खाली बसलो. किती वेळ ते माहीत नाही. श्वास आत येईना, आणि आला की बाहेर जाताना आवाज करून जायचा, मावशींना भिंतीपलीकडे ऐकू गेला असणार. घाबरून नळी शोधली. रकाने भरायचे आहेत म्हणून भरतो.

सकाळ ४८०. संध्याकाळ ४८०. तीनदा फुंकून बघितलं. तिन्ही वेळा ४८०. नळीत बिघाड नाही.

काम: गोदाम. रंगाच्या जवळपासही गेलो नाही.

त्रास: खूप. अजून चालू आहे.

कशामुळे, या रकान्यात काय घालायचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही. पानावर वरती तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे, तेच धरावं.